शिंगराच्या घोट्या-गुडघ्यांवर दरवर्षी येणारी सूज : चंदीतला दोष कसा शोधायचा, कसा काढायचा

दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते. त्याआधीचे दोन-अडीच महिने शिंगरांची चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, वाढते, आणि नेमकी याच दिवसांत एक तक्रार तबेल्यातबेल्यांतून ऐकू येते. पाच-सहा महिन्यांचं, कालपर्यंत आईभोवती उधळणारं शिंगरू सकाळी अवघडून उठतं. पुढचे घोटे दोन्ही अंगांनी फुगलेले असतात. समोरून पाहिलं तर सांधा डमरूसारखा दिसतो. वर्षाच्या वछेऱ्यात हीच सूज पुढच्या गुडघ्याच्या वर, आतल्या बाजूला येते. काहींचे पाय हळूहळू खांबासारखे सरळ होतात, टाच जमिनीवरून उचलली जाते. कॅल्शियमच्या बाटल्या येतात, इंजेक्शनं होतात, महिनाभराने सूज थोडी उतरते. पुढच्या वर्षी दुसरं शिंगरू, तोच तबेला, तीच सूज.

एकाच तबेल्यात वेगवेगळ्या घोड्यांच्या पिलांना तेच होत असेल, तर रक्ताला दोष देण्याआधी गव्हाणीत पाहायला हवं. रक्ताचाही वाटा असतो. मोठ्या हाडाची, झपाट्याने वाढणारी शिंगरं या दुखण्याला लवकर बळी पडतात. पण ती वाढ किती वेगाने आणि कशाच्या बळावर होते, हे चंदीच ठरवते.

आधी खात्री करा

ही सूज सांध्याच्या आत नसते. लांब हाडाच्या टोकाजवळ कूर्चेची एक पट्टी असते, हाड तिथे वाढतं. ती पट्टी भार सोसेनाशी झाली की कडेने फुगते. डॉक्टर तिला फायसायटिस म्हणतात, काही जण एपिफिसायटिस.

हाताने तपासायची रीत सोपी आहे. घोटा म्हणजे नळी संपते तिथला, खुराच्या वरचा सांधा. शिंगराचा पाय जमिनीवर टेकलेला असताना अंगठा आणि तर्जनी घोट्याच्या दोन बाजूंना ठेवा आणि सावकाश नळीवरून वर सरका. सांध्याच्या जरा वर बोटांखाली टणक, हाडासारखी कड लागली, किंचित गरम लागली, दाबल्यावर शिंगराने पाय मागे घेतला, तर ही वाढीच्या पट्टीची सूज. बोटाखाली पाण्याच्या पिशवीसारखं मऊ लागलं तर सांध्यात द्रव साठलाय. तो वेगळा मामला. त्याला एक्स-रे हवा.

दोन-तीन महिन्यांच्या आतलं शिंगरू, एकच सांधा गरम, पाय टेकवत नाही, ताप १०२ फॅरनहाइटच्या वर, बेंबी ओली किंवा जाड: अशा वेळी चंदीचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर बोलवा. तो सांध्यातला जंतुसंसर्ग असण्याची शक्यता मोठी, आणि तिथे एक दिवसही महाग पडतो.

घोट्याच्या वरची पट्टी साधारण तीन ते सहा महिन्यांच्या वयात त्रास देते, गुडघ्याच्या वरची आठ महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत. खालची पट्टी लवकर मिटते, वरची उशिरा; म्हणून वय वाढतं तशी सूज वर सरकल्यासारखी वाटते. फेब्रुवारी ते जुलैमध्ये जन्मलेली शिंगरं यात्रेच्या सुमाराला पाच ते दहा महिन्यांची असतात, म्हणजे दोन्ही पट्ट्यांच्या नाजूक काळात. आणि त्याच वेळी आपण त्यांना ‘अंगावर आणायला’ घेतो.

दोष कुठे असतो

बहुतेक वेळा पहिला दोषी गव्हाचा कोंडा असतो. पेंडीच्या दुकानात ‘भुसा’ म्हणून ज्याचं पोतं मिळतं तोच. शिंगरू आवडीने खातं, शेण मऊ राहतं, अंग भरल्यासारखं दिसतं. पण एक किलो कोंड्यात फॉस्फरस सुमारे ११ ग्रॅम आणि कॅल्शियम जेमतेम सव्वा ग्रॅम. वाढत्या हाडाला हवं याच्या उलट: फॉस्फरसच्या एका भागाला कॅल्शियमचे दोन भाग. शिवाय कोंड्यातला बराचसा फॉस्फरस फायटेटच्या रूपात असतो, आणि फायटेट आतड्यात कॅल्शियमला धरून ठेवतं. आधीच कमी असलेलं कॅल्शियम आणखी कमी शोषलं जातं.

मग शरीर स्वतःची सोय करतं. रक्तातलं कॅल्शियम उतरू लागलं की गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी हाडातून कॅल्शियम काढून रक्तात आणतात. म्हणूनच रक्ततपासणीत कॅल्शियम ‘नॉर्मल’ येतं आणि मालक निर्धास्त होतो. रक्तातला आकडा बरोबर आहे, कारण त्याची किंमत हाड मोजतंय. हे अनेक महिने चाललं की खालचा जबडा जाड होतो, नाकाच्या दोन्ही बाजूंची हाडं फुगतात, तोंड मोठं दिसू लागतं. पूर्वी गिरणीवाल्यांच्या घोड्यांना हे दुखणं फार व्हायचं, कारण त्यांना कोंडा फुकट मिळायचा. इंग्रजीत त्याला मिलर्स डिसीज असं नावच पडलं.

आता एक नेहमी दिसणारी चंदी मांडून बघू. शिंगरू सहा महिन्यांचं, मारवाडी बांध्याचं, मोठेपणी ४०० किलोचं होईल असं. या वयात त्याचं वजन साधारण १७० ते १७५ किलो असावं. त्याला रोज सुमारे ३१ ग्रॅम कॅल्शियम, १७ ग्रॅम फॉस्फरस आणि ५४० ग्रॅम प्रथिनं लागतात. गव्हाणीत पडतं ते असं: कोंडा दीड किलो, भिजवलेला हरभरा एक किलो (कोरडा असताना मोजलेला), मक्याचा भरडा अर्धा किलो, ज्वारीची कडबा कुट्टी दोन किलो.

यातून कॅल्शियम मिळतं नऊ-दहा ग्रॅम, त्यातलं सहा ग्रॅम बिचारा कडबाच देतो. फॉस्फरस तेवीस-चोवीस ग्रॅम. म्हणजे गरजेच्या एक तृतीयांश कॅल्शियम आणि त्या मिळालेल्या कॅल्शियमच्या अडीच पट फॉस्फरस. प्रथिनं मात्र पुरेशी, पिष्ट भरपूर. वजन झपाट्याने चढतं आणि ते पेलायचं हाड मात्र कच्चं राहतं. यावर गूळ, तूप आणि दूध चढलं की वजनाचा वेग आणखी वाढतो. दूध किंवा तूप काही विष नाही. ते कुणी हिशेबात धरत नाही, हा दोष.

हरभऱ्याबद्दल एक गैरसमज इथेच काढून टाकू. ‘हरभरा गरम, त्याने पाय धरले’ असं सर्रास म्हणतात. हरभऱ्यातली प्रथिनं शिंगरासाठी चांगली असतात. त्याच्यातही कॅल्शियम कमीच, पण कोंड्याइतका उलटा हिशेब नाही. हरभरा बंद करून कोंडा वाढवला, तर आगीतून फुफाट्यात.

बाटली आणि इंजेक्शनाने का भागत नाही

द्रव कॅल्शियमच्या बाटलीमागचं लेबल वाचा. कॅल्शियम बहुधा मिलिग्रॅममध्ये लिहिलेलं असतं, आपली तूट वीस-बावीस ग्रॅमची. शंभर मिलीत प्रत्यक्ष किती ग्रॅम जातं हे एकदा गुणून पाहिलं की बाटल्यांवर किती पैसा वाया गेला ते कळतं. आणि कोंडा तसाच चालू असेल, तर त्यातलाही वाटा फायटेट अडवणार.

अ आणि ड-३ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं महिन्या-पंधरा दिवसांनी द्यायची सवय काही ठिकाणी आहे. उन्हात फिरणाऱ्या शिंगराला ड जीवनसत्त्वाची वाण नसते. जास्तीचं ड जीवनसत्त्व शरीरातून सहज निघत नाही. त्याने मूत्रपिंडात आणि रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साठतं. डॉक्टरांनी कारण सांगून लिहून दिल्याशिवाय ते टोचू नका.

गाई-म्हशींचं तयार पशुखाद्य किंवा कोंबडीखाद्य स्वस्त पडतं म्हणून शिंगराला घालू नका. त्यात मोनेन्सिन किंवा त्याच्या जातीची औषधं मिसळलेली असू शकतात. गाईला चालणारी मात्रा घोड्याच्या हृदयाचे स्नायू निकामी करते, आणि त्याला उतारा नाही. पशुखाद्यात युरियाही असू शकतो.

पहिले पंधरा दिवस

सूज दिसली त्या दिवसापासून कोंडा, गूळ, तूप आणि मक्याचा भरडा बंद. दाण्याची चंदी निम्मी करा. कमी करायला थांबावं लागत नाही. वाढवताना मात्र आठ-दहा दिवस घ्यायचे. वैरण तोडू नका. शिंगराला उपाशी ठेवून सूज उतरवायची युक्ती महागात पडते: महिनाभर पोटाला चिमटा आणि मग एकदम भरपूर खुराक, याने वाढीची उसळी येते आणि स्नायूबंध आखडून पाय सरळ होतात. बाजारातून हडकलेलं शिंगरू आणून पंधरा दिवसांत गुबगुबीत करायला गेलेल्यांना हाच अनुभव येतो. त्याला आधी आठवडाभर चांगलं गवत आणि पाणी, मग थोडी प्रथिनं आणि क्षार, आणि दाणा सगळ्यांत शेवटी.

अगाडी-पिछाडी लावून दिवसभर एका जागी उभं ठेवू नका, आणि दोरीवर गोल पळवूही नका. छोट्या, कोरड्या, मऊ वाड्यात आपल्या मनाने फिरू द्या. शहाबादी फरशीवर किंवा काँक्रीटवर उभं असेल तर खाली गवताचा चांगला जाड बिछाना घाला. नाचकामाची तालीम दोन वर्षांच्या आत सुरू केलेल्या वछेऱ्यांचे गुडघे पाहिले की ती घाई किती महाग पडते ते दिसतं. सूज असताना तर तालीम पूर्ण बंद.

नालबंदाला दर तीन-चार आठवड्यांनी बोलवा. खूर एका अंगाला झिजला की त्या अंगाच्या वाढपट्टीवर जास्त भार पडतो आणि सूजही तिथेच जास्त येते. या वयात नाल ठोकायची गरज नसते, समतोल कानस पुरते.

वेदनाशामक डॉक्टरांच्या सांगण्याने, आणि तेही थोडे दिवस. दुखणं पूर्ण झाकलं गेलं की शिंगरू पुन्हा उड्या मारतं आणि सुजलेल्या पट्टीवर आणखी भार पडतो.

दुरुस्त केलेली चंदी

तेच सहा महिन्यांचं, १७० किलोच्या आसपासचं शिंगरू. लसूणघास मिळत असेल तर रोजचं गणित असं बसतं:

वाळलेला लसूणघास दीड किलो
वाळलेलं चांगलं गवत दीड किलो
ओट किंवा भरडलेला सातू एक किलो
सोयाबीन पेंड २५० ग्रॅम
डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट), पशुखाद्याच्या प्रतीची, ३० ग्रॅम
मीठ १० ग्रॅम

यात कॅल्शियम ३३ ग्रॅमच्या आसपास, फॉस्फरस १६ च्या आसपास, प्रथिनं ५५० ग्रॅम. ऊर्जा मुद्दाम थोडी कमी ठेवली आहे. सूज ओसरली की ओट आठ-दहा दिवसांत दीड किलोपर्यंत न्या.

वाळलेल्या दीड किलो घासाऐवजी हिरवा द्यायचा तर साडेसहा-सात किलो लागतो, कारण हिरव्या घासात पाणीच ऐंशी टक्क्यांच्या आसपास असतं. सकाळी कापलेला दुपारपर्यंत सुकवून द्या, आणि पहिल्यांदा देताना आठवडाभरात हळूहळू वाढवा. कापून ढीग लावला आणि आतून गरम झाला, तर तो शिंगरापुढे टाकू नका.

घास नसेल, फक्त कडबा किंवा डोंगरी गवत असेल, तर हिशेब बदलतो: कडबा कुट्टी किंवा गवत तीन किलो, ओट किंवा सातू १ किलो २०० ग्रॅम, सोयाबीन पेंड ६०० ग्रॅम, डीसीपी ३५ ग्रॅम, शिवाय चुनखडीची पूड ३० ग्रॅम. ही पूड कोंबडीखाद्याच्या दुकानात ‘एलएसपी’ नावाने मिळते. तिच्यात कॅल्शियम अडतीस टक्के असतं आणि फॉस्फरस जवळजवळ नसतो. बंद पिशवीतलीच घ्या. सुटी पूड कोंबडीखाद्याच्या मापाने मोजलेली असली तर त्यात औषधाचं खाद्य मिसळण्याचा धोका राहतो. पानाला लावायचा चुना या कामाचा नाही, तो तोंड आणि अन्ननलिका भाजतो.

डीसीपी आणि चुनखडी यांतला फरक नीट समजून घ्या, कारण इथे चूक फार होते. डीसीपीत कॅल्शियम २३ टक्के आणि फॉस्फरस १८ टक्के. घासाच्या चंदीत फॉस्फरसची तूट असते, तिथे डीसीपी योग्य. कोंड्याच्या चंदीत फॉस्फरस आधीच उतू जातोय, तिथे डीसीपी घालणं म्हणजे भरल्या घड्यात पाणी ओतणं. तिथे चुनखडीच हवी. तबेल्यातल्या मोठ्या घोड्यांना कोंडा चालू ठेवायचा असेल, तर एक किलो कोंड्यामागे ५५ ग्रॅम चुनखडी पूड धरा. वाढत्या शिंगराला मात्र कोंडा दिलाच तर मूठभर, पूड मुरवण्यापुरता. क्षार कोरड्या दाण्यावर भुरभुरले की ते गव्हाणीच्या तळाशी राहतात, म्हणून दाणा किंचित ओला करून कालवा.

मोठेपणी ३०० किलोच्या आसपास भरणाऱ्या लहान बांध्याच्या शिंगराला वरच्या सगळ्या वजनांचा पाऊण हिस्सा द्या. पुण्याकडच्या स्टड फार्मवरच्या थरोब्रेड या शर्यतीच्या जातीसाठी, मोठेपणी ५०० किलो धरून, सव्वापट.

सोयाबीनची पेंड म्हणजे तेल काढलेली, उष्णता दिलेली. घरचं कच्चं सोयाबीन भिजवून घालू नका. त्यातले घटक प्रथिनं पचूच देत नाहीत. पेंड मिळाली नाही तर २५० ग्रॅम पेंडीच्या जागी साधारण ५५० ग्रॅम हरभरा धरा आणि ओट तेवढा कमी करा. शेंगदाणा पेंडीला पावसाळ्यात बुरशी पटकन धरते. तिचं विष यकृताला बाधतं. शिंगराला ती न दिलेलीच बरी.

तांबं आणि जस्त हे दोन क्षार कूर्चेचं पक्कं हाड होताना लागतात. रोजच्या एकूण कोरड्या खाद्यात किलोमागे १५ ते २० मिलिग्रॅम तांबं असावं, आणि जस्त त्याच्या तीन-चार पट. पाच किलो खाणाऱ्या शिंगराला म्हणजे ७५ ते १०० मिलिग्रॅम तांबं. त्यातलं पंचवीस-तीसेक मिलिग्रॅम वैरण-दाण्यातून येतं, उरलेलं क्षार मिश्रणातून. पिशवीवर तांबं ०.१ टक्का लिहिलं असेल तर ५० ग्रॅममधून ५० मिलिग्रॅम जातं. मिश्रणात कॅल्शियम-फॉस्फरसही असतो, तो मोजून डीसीपी तेवढी कमी करा. दोन कंपन्यांची दोन मिश्रणं एकदम देऊ नका.

मापटं बाजूला ठेवा

चंदी बिघडते ती पुष्कळदा मापाने. घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार म्हणतो, ‘दोन मापटी घातली.’ एक लिटरच्या त्याच मापट्यात कोंडा बसतो पाव किलोच्या आत, ओट अर्ध्या किलोच्या आसपास, आणि कोरडा हरभरा पाऊण किलो. ओट संपला म्हणून दोन दिवस त्याच मापाने हरभरा घातला, तर खुराक दीडपट झाला आणि कुणाला कळलंही नाही. काटा घ्या, प्रत्येक दाण्याचं एक मापटं एकदा मोजा आणि आकडे गव्हाणीच्या वर भिंतीवर खडूने लिहून ठेवा. भिजवलेल्या हरभऱ्याचं वजन पाण्याने वाढतं, तो कोरडा असतानाच मोजायचा.

शिंगराचंही माप घ्या, दर पंधरा दिवसांनी, सकाळी चंदीआधी, शक्यतो एकाच माणसाने. शिंप्याची टेप पुढच्या पायांच्या लगेच मागून, छातीभोवती, सेंटिमीटरमध्ये. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी. छातीचा घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले १०,१००: हे दूध तुटलेल्या शिंगराचं किलोतलं अंदाजी वजन. घेर १२४ आणि लांबी ११४ आली, तर १७३ किलोच्या आसपास. वर्षाच्या वछेऱ्याला १०,९०० ने भागा, मोठ्या घोड्याला ११,९०० ने.

हा अंदाज पाच-सात टक्क्यांनी चुकू शकतो, पण चूक दर वेळी एकाच बाजूला होत असल्याने वाढीचा वेग बऱ्यापैकी खरा कळतो. चारशे किलोच्या जातीचं सहा महिन्यांचं शिंगरू रोज साडेपाचशे-सहाशे ग्रॅमने वाढावं, म्हणजे पंधरा दिवसांत आठ-नऊ किलोने. सलग दोन मापांत ती बारा-चौदाच्या पुढे गेली तर सूज यायच्या आधीच दाणा पाव हिश्शाने कमी करा. उलट वाढ तीन-चारवर अडकली तर चंदी वाढवण्याआधी जंत पाहा. शिंगरू सहा महिन्यांचं होईतो मोठेपणीच्या वजनाच्या पंचेचाळीस टक्क्यांच्या आसपास आणि उंचीच्या ऐंशी टक्क्यांच्या वर पोचलेलं असतं. एवढी वाढ निसर्गानेच दिलेली आहे, तिला आणखी टाच मारायची गरज नाही.

खुराक बरोबर, तरी सूज जात नाही

हिरव्या चाऱ्यात संकरित नेपियर आहे का? फुले जयवंत, यशवंत आणि त्यांच्यासारखे वाण म्हशीला उत्तम, पण नेपियरमध्ये ऑक्झलेट असतं आणि ते कॅल्शियमला बांधून शेणावाटे बाहेर काढतं. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातले जंतू ऑक्झलेट मोडतात. घोड्यात तेवढं ते साधत नाही. म्हणून म्हशी धडधाकट आणि शेजारी तोच चारा खाणाऱ्या शिंगराचा जबडा जाड, असं चित्र दिसतं. कोवळ्या नेपियरमध्ये ऑक्झलेट जास्त. नेपियर हाच मुख्य चारा असेल तर तो बदला. अगदीच नाइलाज असेल तर वैरणीत लसूणघास मिसळा आणि चुनखडी वाढवा.

पोट सुटलेलं, फासळ्या दिसतायत, केस खरखरीत, अधूनमधून खोकला: हे गोलकृमी. पहिल्या वर्षात शिंगराला हा जंत सगळ्यांत जास्त छळतो. आयव्हरमेक्टिनला तो बऱ्याच ठिकाणी जुमानत नाही, म्हणून औषध शेण तपासून डॉक्टरांकडून ठरवून घ्या. खूप जंत एकदम मेले तर आतडं तुंबू शकतं, त्यामुळे मात्रा आपल्या मनाने ठरवू नका.

एकाच पायाची टाच उचलली गेली आणि खूर पेल्यासारखा उभा दिसू लागला, तर त्याला चार-पाच दिवसही द्यायचे नसतात. दाणा बंद, वैरण आणि क्षार चालू, आणि डॉक्टर व नालबंद दोघांना एकत्र बोलवा. सुरुवातीला हे पुष्कळदा शस्त्रक्रियेशिवाय सुधारतं, दोन महिने गेले की अवघड होतं.

दुधावरच्या शिंगराला सूज आली तर घोडीची चंदी पाहा, आणि हेही पाहा की शिंगरू आईच्याच गव्हाणीत तोंड घालतंय का. घोडीचा तीन-चार किलो दाणा पुढ्यात असतो आणि तीन महिन्यांचं शिंगरू त्यातलं किलोभर सहज फस्त करतं. दोन महिन्यांनंतर शिंगरासाठी वेगळी गव्हाण करा: आडवा बांबू अशा उंचीवर बांधा की शिंगरू खालून जाईल, घोडी नाही. तिथे वयाच्या महिन्यामागे साधारण पाव ते अर्धा किलो दाणा, वर लिहिलेल्या मिश्रणाचाच. पाचव्या-सहाव्या महिन्यात दूध तोडताना ते रोज दीड किलोच्या आसपास दाणा खात असावं. नाहीतर आधी सुकतं आणि मग एकदम उसळतं.

सूज उतरायला चार ते आठ आठवडे लागतात. गरमपणा आणि दुखणं आधी जातं, टणक कड मागून, आणि थोडी कड कायमची राहूही शकते; तिने काही बिघडत नाही. दोन महिन्यांनी फरकच नसेल तर एक्स-रे काढा आणि लघवीतल्या फॉस्फरसची तपासणी सांगा. हाडातून कॅल्शियम ओढलं जातंय का, हे ती रक्तापेक्षा खरं सांगते.

पुढच्या वर्षीचं शिंगरू

घोडीच्या दुधात तांबं फार कमी असतं, आणि घोडीला औषध देऊन ते वाढत नाही. शिंगरू आपल्या यकृतात तांब्याचा साठा घेऊन जन्माला येतं, आणि पहिले काही महिने त्यावरच हाड घडवतं. हा साठा भरतो गाभणपणाच्या शेवटच्या दोन-तीन महिन्यांत. गाभणपण अकरा महिन्यांचं, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये विणारी घोडी मार्गशीर्षात नवव्या-दहाव्या महिन्यात असते. चारशे किलोच्या अशा घोडीला रोज सुमारे १०० मिलिग्रॅम तांबं, २९ ग्रॅम कॅल्शियम आणि २१ ग्रॅम फॉस्फरस लागतो. व्यायल्यावर कॅल्शियम ४७ आणि फॉस्फरस ३० वर जातो. बऱ्याच तबेल्यांत गाभण घोडीला कडबा आणि कोंडाच मिळतो, कारण ओट आणि घास यात्रेला न्यायच्या शिंगराकडे गेलेला असतो. दत्तजयंतीच्या आधी एकदा तिची गव्हाण तराजूवर मोजून घ्या: कोंडा किती, घास किती, क्षार मिश्रण पोटात जातंय की गव्हाणीच्या तळाशी राहतंय.